पटकीचा जंतू आणि विटाळ

पटकी म्हणजे मरीआईचा कोप, हे मी आजीकडून ऐकले. जंतूचे नाव कॉलेजात कळले. आमच्या घरातून तिथवर जाणारा मीच पहिला. आता हाच धडा शिकवताना ‘विटाळ’ या शब्दाची मला चीड येते.

हा जंतू स्वल्पविरामासारखा वाकडा, शेपटीच्या जोरावर पाण्यात पोहणारा. विषाणूला वाढण्यासाठी दुसऱ्याची पेशी बळकवावी लागते. हा आपला आपणच दुभंगतो. एकाचे दोन, दोनाचे चार. आतड्याला चिकटून तो विष सोडतो, त्याने शरीरातले पाणी आणि मीठ बाहेर धावते. उपचार न झाल्यास माणूस काही तासांत कोरडा पडून मरतो. त्याच्या जुलाबातून असंख्य जंतू पुन्हा पाण्यात जातात.

म्हणजे पाणी विटाळते ते विष्ठेने, माणसाच्या ओंजळीने नव्हे. १९२७ मध्ये आमची माणसे महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याली, तेव्हा सनातन्यांनी ते ‘शुद्ध’ करायला त्यात शेण-गोमूत्राच्या घागरी ओतल्या. रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात हा जंतू दाखवून तेव्हा त्रेचाळीस वर्षे झाली होती!

उपचार मात्र साधा. साखरेबरोबर आतडे मीठ शोषते, मिठामागून पाणी. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असे साखर-मिठाचे पाणी नातेवाइकांच्याच हातून पाजवून हजारो जीव वाचवले.

कार्यकर्त्यांनी वस्तीत आधी नळाचे पाइप पाहावेत. ते गटारातून गेले असतील, तर पाणी बंद असताना फुटक्या जागेतून गटार आत ओढले जाते.