अशनी, चांदी आणि जपानी ताईत

आकाशातून पडलेल्या लोखंडाचा तुकडा चांदीत बसवून केलेला ताईत जपानात पुरातन काळापासून चालत आला आहे, असे जे विक्रेते बिनदिक्कत सांगतात, त्याला इतिहासाच्या दप्तरात आधार मिळत नाही. नारा काळापासून मेइजी काळापर्यंत, म्हणजे सुमारे अकराशे वर्षे, जपानी लोकांच्या अंगावर अंगठ्या, कंठे वा कर्णभूषणे जवळजवळ नव्हतीच. त्याआधीचे स्वल्पविरामासारखे वळलेले मागातामा मणी बहुधा जेडचे, अन्य दगडांचे वा काचेचे असत. आणि देवळात मिळणारा ओमामोरी हा ताईत म्हणजे भरजरी कापडाची लहानशी पिशवी, जिच्यात मंत्र लिहिलेला कागद वा लाकडी पट्टी असते आणि जी वर्षभराने देवळास परत करण्याचा रिवाज आहे.

मग अशनीचा संबंध कोठून आला? नोगाता येथे इ. स. ८६१ मध्ये पडलेली अशनी तेथील सुगा देवस्थानाने जतन केली आहे. परंतु ती दगडी असून तिचा कोणी अलंकार केला नाही. अशनीच्या लोखंडापासून घडलेली जपानमधील सर्वांत ख्यातनाम वस्तू आहे तलवार, आणि तीही अर्वाचीन! रशियाच्या दरबारी जपानची वकिलात करून आलेले एनोमोतो ताकेआकी यांनी तेथे अशी तलवार पाहिली होती. पुढे तोयामा प्रांतात १८९० साली सापडलेली, लोणच्यावर दाब म्हणून ठेवण्याच्या इराद्याने उचललेली सुमारे २३ किलोची शिराहागी अशनी त्यांनी विकत घेतली आणि १८९८ मध्ये ओकायोशी कुनिमुने या लोहाराकडून तिच्या तलवारी घडवून घेतल्या. एकटे अशनीचे लोखंड कार्बनाच्या अभावी मऊ पडते, म्हणून त्यात नेहमीचे पोलाद मिसळावे लागले. बादशहा जहांगीराने १६२१ साली जालंधराजवळ पडलेल्या अशनीच्या तलवारी करविल्या, तेव्हा त्याच्या कारागिरासही साधे लोखंड घालणे भाग पडले होते.

दुसरा गैरसमज अधिक मौजेचा आहे. अशनीच्या पृष्ठावरील एकमेकींस छेदणाऱ्या रेषा कारागिराच्या हातोडीने उमटतात, असे मानणारा गृहस्थ त्या पाहून हरखून जातो. वस्तुतः लोह व निकेल यांच्या मिश्रधातूंचे स्फटिक लघुग्रहाच्या गाभ्यात लक्षावधी वर्षे निवत असता वेगळे होतात, आणि कारागीर केवळ कापलेला पृष्ठभाग अम्लाने धुऊन ती रचना दृग्गोचर करतो. तीच अशनी भट्टीत तापवून ठोकली की रचना नष्ट होते. म्हणून ‘घडवलेली’ आणि ‘नैसर्गिक रेषांची’ ही दोन्ही विशेषणे एकाच दागिन्यास लावणाऱ्याकडे संशयाने पाहावे.

चांदी आणि अशनी वितळवून एकजीव केल्याचा दावाही तसाच पोकळ आहे, कारण लोखंड व चांदी द्रवरूपातदेखील एकमेकांत जवळजवळ मिसळत नाहीत. चांदीचे काम कोंदणाचेच. निकेल असूनही हे लोखंड गंजते, म्हणून त्यावर ऱ्होडियमचा मुलामा वा तेलाचा हात लागतो, आणि ज्यांना निकेल सोसत नाही त्यांच्या त्वचेवर कोंदणाची मागची बाजू बंद असलेलीच बरी.