नजरेला कमी दिसणारं रक्त

जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडचा शेतकरी कापूस अंदाजानं विकत नाही. गाडी काट्यावर चढते आणि काटा दाखवेल तो आकडा खरा. बाळंतपणाच्या खोलीत मात्र बाईच्या अंगावरून किती रक्त गेलं, हे वर्षानुवर्षं नजरेनंच ठरत आलं. "जरा जास्त गेलं," नाहीतर "नेहमीसारखंच आहे."

ही नजर किती चुकते, ते बेळगावात तपासलं गेलं. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांसोबत प्लास्टिकची एक साधी पिशवी तयार केली. बाळ बाहेर आलं की ती बाळंतिणीच्या कमरेखाली पसरायची. रक्त खालच्या निमुळत्या भागात उतरतं, तिथल्या मिलिलिटरच्या खुणा वाचायच्या. 2006 साली निकाल प्रसिद्ध झाला: नजरेचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा 33 टक्क्यांनी कमी! अर्धा लिटर ही धोक्याची रेघ. ती ओलांडली तरी नजरेला पत्ता नसतो.

वार पडल्यावर गर्भाशयानं आकसून उघड्या रक्तवाहिन्या आवळायच्या असतात. दिवस भरलेल्या गर्भाशयाला मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त मिळत असतं. गर्भाशय सैल राहिलं, तर बोदवडहून जळगावचं रुग्णालय गाठायलाही उसंत मिळत नाही.

याच पिशवीच्या मापावर बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत मोठी चाचणी झाली. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या 1,620 बायका. निम्म्यांना गर्भाशय आकसवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना हुबेहूब दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. कुणाला काय मिळालं, हे नर्सबाईलाही ठाऊक नव्हतं. औषधाविना जास्त रक्तस्राव झाला 12 टक्के बायकांना. औषधानं तो 6.4 टक्क्यांवर आला. थंडी वाजणं, ताप येणं हा त्रास मात्र वाढला.

औषध नसलेली गोळी द्यायचीच कशाला? उत्तर त्या 12 टक्क्यांतच आहे. शंभरातल्या उरलेल्या 88 जणींचं औषधाविनाच निभावलं. सगळ्यांना औषध दिलं असतं, तर या 88 जणींचं श्रेयही गोळीनं लाटलं असतं. "माझ्या हातचा गुण" या समजुतीतला गुण किती आणि निसर्ग किती, हे तुलनेशिवाय कळत नाही.

पुरावा जागाही पाहतो. याच कामाचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन या गोळीपेक्षा सरस, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या 18 हजारांवर बायकांच्या चाचणीत 2001 सालीच दिसलं होतं. पण ते 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो; वीज गेली आणि फ्रिज तापला, की शिशीतलं औषध दिसतं तसंच, गुण मात्र उतरलेला. म्हणून फ्रिज भरवशाचा असेल तिथे इंजेक्शन, नसेल तिथे गोळी. 2011 साली संघटनेनं रक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

2023 साली आफ्रिकेतल्या चार देशांच्या 80 रुग्णालयांतून आणखी एक निकाल आला. मापाची पिशवी लावली आणि रेघ ओलांडताच सगळे उपचार एकदम सुरू केले, तर गंभीर गुंतागुंत 60 टक्क्यांनी घटते. औषधं जुनीच होती. वेळेवर कळणं नवं होतं.

बाळंतिणीच्या माणसांनी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा: "रक्त मोजणार कशानं?" कापसाच्या तोलात किलोभराची फसगत खपवून न घेणाऱ्या गावाला हा प्रश्न शोभून दिसेल.