पहिल्या हिमतुषाराची रात्र

हिमतुषार (पानांवर थेट बर्फ होऊन जमणारी हवेतली वाफ) आकाशातून पडत नाही. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर बाहेरून पाणी जमते, तसाच तो गार पानावर जमतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पाने आपली उष्णता आकाशाकडे सोडतात (उत्सर्जन) आणि भोवतालच्या हवेहूनही थंड होतात. म्हणूनच हवामानाच्या अंदाजात ३ अंश सेल्सिअस दिसले, तरी सकाळी झेंडू काळवंडलेला सापडू शकतो. न्यू जर्सीत दसरा-दिवाळीसाठी परसात झेंडू लावणाऱ्या मराठी घरांनी ऑक्टोबरात हे लक्षात ठेवायला हवे.

चादर टाकली की झाडाला ऊब मिळते, हा समज अर्धाच खरा. ऊब देते ती दिवसभर तापलेली जमीन. चादर फक्त ती अडवून धरते. त्यामुळे चादर खोडाभोवती गुंडाळून बांधू नये, चारी बाजूंनी जमिनीला टेकू द्यावी. चादरीऐवजी प्लॅस्टिक वापरले आणि ते पानांना चिकटले, तर तिथेच इजा होते. ते टाळण्यासाठी आत काठ्या रोवाव्यात. ऊन वर आले की आच्छादन काढावे.

हिमतुषाराने डेलिया काळा पडला, तरी उपटून फेकू नका. जमिनीखालचे कंद बहुधा जिवंत असतात. देठ वीतभर ठेवून कापावेत आणि कंद हलक्या हाताने खणून, गार पण न गोठणाऱ्या जागी लाकडाच्या भुशात ठेवावेत.