उडीनंतरचे राजकारण

दादरला शिवाजी पार्कासमोरच्या सावरकर स्मारकावरून जाताना मार्सेलची उडी कुणाला आठवत नाही? मला मात्र उडीपेक्षा तिच्यानंतर इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात रंगलेला खेळच अधिक खुणावतो.

८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोटीतून निसटून सावरकर पोहत फ्रान्सच्या भूमीवर आले. तिथल्या फ्रेंच शिपायानेच त्यांना धरून पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली केले. राजकीय आश्रयाचा अभिमान बाळगणाऱ्या देशात हे घडावे! आपल्या मुंबईच्या मादाम कामा, समाजवादी पुढारी ज्याँ जोरेस, मार्क्सचा नातू ज्याँ लोंगे यांनी आवाज उठवला. अखेर फ्रान्सने कैदी परत मागितला.

पण १९०४ मध्येच इजिप्त तुम्हाला, मोरोक्को आम्हाला, अशी वाटणी करून या दोघांनी जुने वैर मिटवले होते. एका हिंदी कैद्यापायी ती दोस्ती कोण मोडणार? प्रकरण हेगच्या लवादाकडे गेले. पाच पंचांत एक इंग्रज, एक फ्रेंच. हिंदी माणूस अर्थातच नाही. भांडण दोन सरकारांचे, तेव्हा कैद्याला विचारतो कोण?

२४ फेब्रुवारी १९११ला निकाल लागला. हवाली करण्यात अनियमितता झाली खरी, तथापि कैदी परत देण्याचे बंधन ब्रिटनवर नाही! मुंबईतल्या विशेष न्यायालयाने तर निकालाची वाटही पाहिली नव्हती. महिन्याभरापूर्वीच सावरकरांना दुसरी जन्मठेप ठोठावून झाली होती. हेगची बातमी त्यांना डोंगरीच्या तुरुंगात कळली.