स्टेटस ठेवलं म्हणजे आभार पोचले?

येरमाळ्याला चैत्री पौर्णिमेला येडेश्वरी देवीची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी प्रथेप्रमाणे आमराईत चुनखडी वेचायला भाविकांची रीघ लागते. या दिवसांत प्रसादाची दुकानं, हॉटेलं, नारळाचे ठोक व्यापारी, मंडपवाले, टेम्पोवाले हे सगळे एकमेकांच्या भरवशावर निभावून नेतात. यात्रा आटोपली की ‘सर्वांचे मनःपूर्वक आभार’ अशी चित्रं व्हॉट्सअ‍ॅपवर, फेसबुकवर झळकतात. त्यामागची भावना खरी असते. पण ती ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत जाते का, याबद्दल आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत.

पहिला समज असा की स्टेटस ठेवलं म्हणजे सगळ्यांनी पाहिलं. स्टेटस चोवीस तासच टिकतं, आणि ते दिसायला दोघांच्याही फोनमध्ये एकमेकांचा नंबर सेव्ह असावा लागतो. बार्शीच्या ठोक व्यापाऱ्याचा नंबर तुमच्याकडे असतो. त्याच्याकडे तुमच्यासारखी शेकडो गिऱ्हाइकं, तुमचा नंबर त्याने सेव्ह केलेला असेलच असं नाही. ब्रॉडकास्ट लिस्टचंही तेच. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप जातो. आभार मानायचे तर त्याला थेट मेसेज करा.

दुसरा समज, एकाच पोस्टमध्ये सगळ्यांची नावं घेतली की कुणी रुसत नाही. इथे जरा थांबायला हवं. ‘आपल्या अनमोल सहकार्याबद्दल आभार’ हे वाक्य मंडपवाल्याला चालतं, दूधवाल्याला चालतं, कुणालाही चालतं. म्हणून ते कुणाचंच होत नाही. त्याऐवजी असं लिहून बघा: ‘पौर्णिमेच्या रात्री दुकानातले नारळ संपले. फोन केला आणि पहाटेच्या आत तुमचा टेम्पो दारात उभा होता. आमची सकाळची विक्री तुमच्यामुळे झाली.’ हे त्या एकाच माणसाचं आहे. शिवाय वाचणाऱ्या दुसऱ्या दुकानदारालाही कळतं की हा व्यापारी अडचणीला रात्रीही माल पोचवतो. कौतुकातून त्याला धंदा मिळतो तो असा.

पोस्टला चाळीस-पन्नास जणांना टॅग करणं हा आदर नव्हे. टॅग केलेली पोस्ट त्या माणसाच्या मित्रमंडळींनाही दिसू शकते. म्हणून अनेकजण टॅग आधी तपासण्याची सेटिंग लावतात, काहीजण तो काढूनच टाकतात. ज्याचा खरोखर संबंध आहे त्यालाच टॅग करा.

चारचौघांत केलेलं कौतुक कुणालाही आवडतंच, हेही खरं नाही. ‘शेठनी दोन महिने उधारीवर माल दिला’ असं तुम्ही कृतज्ञतेनं लिहिता आणि दुसऱ्या दिवशी दहा जण उधारी मागायला त्याच्या दारात उभे राहतात. भाव, सवलत, माल कुठून येतो, या गोष्टी त्याच्या धंद्याच्या आहेत. फोटो, फोन नंबर आणि अशी माहिती टाकण्याआधी त्याला विचारलंच पाहिजे. तो नको म्हणाला तर आभार खासगीत माना. त्यांचं मोल तेवढंच.

‘गावात सगळे ओळखतात, गुगलवर लिहून काय होणार’ असंही म्हणतात. येरमाळा सोलापूर-धुळे महामार्गावर आहे. हॉटेलसमोर गाडी थांबवणारा अनोळखी माणूस आधी फोनवरचा नकाशा आणि रिव्ह्यू बघतो. त्यामुळे ज्या खवा भट्टीशी, गॅरेजशी तुमचा खरा व्यवहार आहे, त्यांच्याबद्दल तिथे अनुभव लिहिणं हे आभाराचं सगळ्यात उपयोगी रूप आहे. व्यवहाराचं नातंही त्यातच सांगून टाका. पण ‘तू मला पाच स्टार दे, मी तुला देतो’ हे कौतुक नाही. स्वतःच्या धंद्याचा रिव्ह्यू लिहिणं, सवलत देऊन रिव्ह्यू मिळवणं, अनुभव नसताना लिहिणं हे गुगलच्या नियमांत बसत नाही आणि असे रिव्ह्यू काढले जातात. जेवण फुकट देऊन रील करून घेतलं, तर तेही उघड सांगावं लागतं. ग्राहक संरक्षण कायद्याखाली जून 2022 मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशी असा देण्याघेण्याचा संबंध असेल तर तो लपवता येत नाही.

आणि यात्रेत पोती उतरवणारे हमाल, रात्रभर चुलाणापुढे बसलेला खवा भट्टीवरचा कामगार? यातल्या कितीतरी जणांचं फेसबुकवर खातंही नसतं. मालकाला टॅग केलं तरी ते शब्द त्यांच्या कानावर जात नाहीत. पोस्टमध्ये त्यांच्या कामाचा उल्लेख करा आणि पुढच्या खेपेला माल घ्यायला जाल तेव्हा ती त्यांना वाचून दाखवा.