बक्षीसपत्रावर सही करण्यापूर्वी

गोळ्या वेळेवर घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नाही, मध्यरात्रीनंतर डोळ्याला डोळा लागत नाही, अशी तक्रार करणाऱ्या वयोवृद्ध रुग्णांना मी घरातील परिस्थितीविषयीही विचारतो. पुष्कळदा उत्तर एकच असते: घर मुलाच्या नावे करून दिले आणि आता त्याच घरात पाहुण्यासारखे राहावे लागते.

महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलांना, नातवंडांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे (स्थानिक अधिभार वेगळा). त्यामुळे ‘बाबा, आताच नावावर करून टाका’ हा आग्रह सहज होतो. मृत्युपत्र आपल्या पश्चात अमलात येते आणि हयातीत केव्हाही बदलता येते. बक्षीसपत्र नोंदले की मालकी गेली. मग घरपट्टी, वीजबिल आपणच भरत असाल, तरी कागद मुलाचीच बाजू घेतो.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ येथे उपयोगी पडते. देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, साठ वर्षांवरील दात्याला परत मागता येते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करावयाचा. परंतु अट होती, हे दिसले पाहिजे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मातेच्या बाजूने झालेला आदेश रद्द केला, कारण तिच्या हक्कसोडपत्रात अशी अटच नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या मातेला मालमत्ता परत देण्याचा आदेश झाला. तिथे सांभाळण्याचे वेगळे वचनपत्र न्यायालयाने ग्राह्य धरले.

म्हणून हयातभर राहण्याचा हक्क, अन्न, औषधोपचार हे सारे बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहून घ्यावे. यात मुलावर अविश्वास दाखविल्यासारखे वाटते, हे मी जाणतो. तरीही लिहावे.

मानसिक सुस्थितीचा दाखला मागण्यासाठी कुटुंबे माझ्याकडे येतात. रुग्णाशी एकांतात बोलल्याखेरीज तो मी देत नाही. मुले रागावतात; रागावोत. जंतुसंसर्ग, तीव्र ताप किंवा शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना काही दिवस भ्रम होऊ शकतो. सकाळी स्वच्छ बोलणारी व्यक्ती सायंकाळी दिवस-वार विसरते. अशा अवस्थेत रुग्णशय्येवर घेतलेली सही पुढे भावंडांना वर्षानुवर्षे न्यायालयात उभे करते. शुश्रूषा करणाऱ्यांनी असा कागद पुढे आलेला पाहिल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लगेच कळवावे आणि रुग्ण पूर्ववत होईपर्यंत सही लांबणीवर टाकावी.