विश्लेषण : मागे झुकणारी खुर्ची पाठीसाठी खरेच चांगली?

पनवेल ते सीएसएमटी हा हार्बर लोकलचा प्रवास सुमारे ८० मिनिटांचा. तो टाळता यावा म्हणून आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम करणारे पनवेल, कामोठे, खारघर भागात बरेच आहेत. करोनाकाळात जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून सुरू झालेले हे काम आता मागे झुकणाऱ्या, डोके टेकवायला उशी असलेल्या, चाकांच्या खुर्चीपर्यंत आले आहे. जाहिरातीत अशा प्रत्येक खुर्चीवर ‘एर्गोनॉमिक’ हा शिक्का असतो. शब्दाचा अर्थ इतकाच, की वस्तू माणसाच्या शरीराला साजेशी हवी. पण कोणाच्या शरीराला? खुर्चीच्या बाबतीत सगळी मेख इथेच आहे.

ताठ बसणे सर्वांत चांगले नाही का?

‘ताठ बस’ हे शाळेपासून ऐकलेले वाक्य अर्धेच खरे आहे. उभे असताना कमरेच्या मणक्यांना पुढच्या बाजूने नैसर्गिक बाक असतो. बसले की कटी मागे कलते, हा बाक सपाट होतो आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर पुढच्या कडेने दाब येतो. आल्फ नाखेमसन या स्वीडिश अस्थिशल्यचिकित्सकाने १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून हा दाब मोजला. पाठ न टेकता बसल्यावर तो उभे असतानापेक्षा जास्त असतो, असे त्याचे निष्कर्ष सांगत. पुढे जर्मनीतील विल्के आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नव्या उपकरणाने मोजणी केली. तिच्यात उभे असताना सुमारे ०.५ मेगापास्कल, आधाराविना बसल्यावर ०.४६, तर खुर्चीत मागे रेलून बसल्यावर ०.२७ असे आकडे आले. म्हणजे ‘बसणे उभे राहण्यापेक्षा वाईट’ हा जुना निष्कर्ष डळमळला. मोजणी एकाच व्यक्तीवर झाली होती, हेही ध्यानात ठेवायला हवे. पण एका मुद्द्यावर जुने आणि नवे संशोधन जुळते : पाठ मागे टेकवली, की मणक्यांवरचा भार कमी होतो. स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे २२ जणांच्या एमआरआय तपासणीतून २००६ मध्ये १३५ अंशांचा कोन सर्वांत सुखाचा ठरला. त्याच्या बातम्या जगभर छापून आल्या.

अडचण अशी, की १३५ अंशांत कीबोर्डवर काम होत नाही. टंकलेखनाला १०० ते ११० अंश, फोनवर बोलताना किंवा वाचताना आणखी मागे, असा तो व्यवहार आहे. चकतीला मोठेपणी स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतात. तिचे पोषण आजूबाजूच्या द्रवातून होते आणि हालचालीने त्याला मदत होते. त्यामुळे एका ‘आदर्श’ कोनात चार तास बसण्यापेक्षा दर थोड्या वेळाने कोन बदलणे महत्त्वाचे. खुर्ची झुकते ती यासाठी. तो ऐषाराम नव्हे.

मग कोकणातली आरामखुर्ची काय वाईट होती?

पडवीतल्या त्या लांब हातांच्या, वेताने विणलेल्या खुर्चीने निम्मा प्रश्न केव्हाच सोडवला होता. विणीमुळे वजन पसरते, पाठीला वारा लागतो, घाम साचत नाही. अमेरिकेत बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांनी हर्मन मिलर कंपनीसाठी आखलेली ‘एरॉन’ खुर्ची १९९४ मध्ये आली, तेव्हा तिच्यात फोम नव्हताच, ताणलेली जाळी होती. तिच्यामागे वृद्धांच्या खुर्च्यांवर केलेले काम होते. आज बाजारात दिसणारी जाळीची पाठ बहुतांशी तिचीच नक्कल. वेत आणि जाळी यांचे काम मात्र एकच.

आरामखुर्ची उरलेल्या निम्म्यात नापास होते. तिचा कोन ठरलेला, नजर आढ्याकडे, हात कामापासून दूर. तिच्यात लॅपटॉप मांडीवर घेतला, की पाठ सुखात आणि मान वाकलेली. ती दुपारच्या डुलकीसाठीच घडवलेली होती आणि त्या कामात तिला आजही तोड नाही.

खुर्ची झुकते कशी?

सगळा खेळ बैठकीखालच्या लोखंडी डब्यात असतो. स्वस्त खुर्चीत बैठक आणि पाठ एकमेकींना जखडलेल्या असतात आणि सांधा बैठकीच्या मध्याखाली असतो. मागे रेलले, की बैठकीची पुढची कड वर येते, मांडीखाली रुतते आणि पाय जमिनीवरून सुटतात. थोडी बरी रचना सांधा गुडघ्यांकडे सरकवते. तिसऱ्या प्रकारात, ज्याला विक्रेते ‘सिंक्रो’ म्हणतात, पाठ आणि बैठक वेगवेगळ्या प्रमाणात झुकतात. साधारणपणे पाठ दोन अंश मागे गेली, तर बैठक एक अंश. कंबर-मांडीतला कोन उघडतो, पण पाय खालीच राहतात. पाठ मागे जाताना सदरा वर ओढला जाण्याचा जो अनुभव येतो, तोही यात कमी होतो.

त्याच डब्यात एक जाड स्प्रिंग आणि तिचा ताण बदलणारी खुंटी असते. ८० किलोच्या माणसासाठी लावलेला ताण ५० किलोच्या व्यक्तीला ढकलवत नाही. ती बिचारी सरळच बसून राहते आणि खुर्ची ‘कडक’ आहे म्हणून कुरकुरते. ही खुंटी अनेकांनी कधी फिरवलेलीच नसते. कमरेच्या आधाराचेही तसेच. तो पट्ट्याच्या रेषेच्या किंचित वर यावा लागतो; चुकीच्या उंचीवर तो टोचतो. डोक्याची उशी मात्र मागे रेललेले असतानाच कामाची, टंकलेखन करताना ती शोभेची.

मापे कोणाची?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर. गुडघ्यामागच्या खोबणीपासून टाचेपर्यंतचे अंतर ढोबळमानाने उंचीच्या पाव भाग, म्हणजे ३८ सेंटिमीटर. बाजारातल्या अनेक खुर्च्यांची बैठक मात्र अगदी खाली आणली तरी ४२ ते ४५ सेंटिमीटरवर थांबते. शिवाय मापे घेताना बहुधा पायात बूट धरलेले असतात आणि आपल्याकडे चपला दाराबाहेर राहतात! म्हणजे आणखी दोन-तीन सेंटिमीटर गेले. तळोज्यातल्या फ्लॅटमध्ये अनवाणी पायांनी काम करणारी स्त्री यामुळे दिवसभर अधांतरी बसते. पाय टेकत नाहीत म्हणून ती कडेवर सरकते आणि पाठीचा आधार सुटतो. मग खुर्ची १३५ अंश झुकते की १५०, याला अर्थ उरत नाही.

हे कोणाला ठाऊक नाही असे नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देवकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांचा संग्रह १९९७ मध्येच प्रकाशित केला. पवईच्या आयआयटीत १९६९ मध्ये सुरू झालेल्या औद्योगिक डिझाइन केंद्रातही हा विषय शिकवला जातो. ‘एरॉन’ तर ए, बी, सी अशा तीन मापांत विकली जाते. बूट घेताना नंबर विचारणारे आपण खुर्ची मात्र ‘एकच माप सर्वांना’ या समजुतीने घेतो, हे नवलच. कामाच्या खुर्च्यांसाठी आयएस १७६३१ हे २०२२ चे भारतीय मानक आहे आणि केंद्राच्या २०२५ च्या फर्निचर गुणवत्ता नियंत्रण आदेशात त्याचा समावेश झाला. त्या चिन्हावरून खुर्ची मोडणार नाही, उलटणार नाही, एवढे कळेल. ती आपल्याला बसेल का, हे कळणार नाही.

पनवेलच्या हवेत काय टिकते?

खाडीकाठचा दमटपणा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत चामड्यासारखे दिसणारे पॉलियुरेथेनचे आवरण काही वर्षांत पापुद्रे सोडू लागते. ओलाव्याने त्याचे रासायनिक बंधच तुटतात, पुसून-चोपडून फारसे साधत नाही. जाळी किंवा कापड बरे. चाकांचाही विचार हवा : टणक नायलॉनची चाके गालिच्यासाठी असतात. गुळगुळीत लाद्यांवर ती घसरतात, त्यामुळे मागे रेलले की खुर्चीच टेबलापासून दूर पळते. लादीसाठी मऊ रबरी कडेची चाके मिळतात. ती साधारणपणे नुसती ओढून बदलता येतात.

विकत घेताना काय पाहावे?

दुकानात बूट-चपला काढून बसावे. बैठक सर्वांत खाली आणून तळवे पूर्ण टेकतात का आणि बैठकीची कड व गुडघ्याची खोबण यांत दोन-तीन बोटे मावतात का, हे बघावे. मग मागे रेलावे : टाचा उचलल्या गेल्या, तर ती खुर्ची बाहेरून कितीही देखणी असो, सोडून द्यावी. आधीच घरात आलेली खुर्ची उंच पडत असेल, तर पायाखाली आधार हवा. ब्रिटनमध्ये १९९३ पासून संगणकावर काम करणाऱ्याने मागितल्यास मालकाने पायटेकण द्यावे, असा नियम आहे. आपल्या घरात त्या चार-पाच सेंटिमीटरांना लाकडी पाट नेमका पुरतो. जेवायचा पाट पायाखाली घेणे घरातल्या थोरांना रुचणार नाही. तेव्हा सुताराकडून तेवढ्याच उंचीची वेगळी फळी करून घ्यावी आणि ती लादीवर सरकू नये म्हणून खाली रबराच्या दोन पट्ट्या माराव्यात.